दोन हाका

मास्तरांच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली तेव्हा मॅचची अठरा मिनिटं उरली होती, आणि दुसरी बॅटरी स्कूटरच्या डिकीत राहिली होती. पेपरसाठी सव्वीस वर्षं फुटबॉलचे फोटो काढणाऱ्या माणसाकडून असं सहसा होत नाही. स्वतःवरच चिडत ते गोलच्या बाजूला मांडलेल्या स्टुलावरून उठले आणि शेजारी गवतावर बसलेल्या तिला म्हणाले, "स्टुडिओ, माझी जागा धर. मी इथे भिंतीपलीकडेच आहे. काही घडलं तर हाक मार."

आठवडाभर ती एका स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढायची, म्हणून मास्तर तिला स्टुडिओच म्हणत. चार महिन्यांपूर्वी ती कॅमेरा घेऊन पहिल्यांदा आली तेव्हा गोलच्या आसपासही तिला कुणी फिरकू देईना. मास्तरांनीच क्लबच्या सेक्रेटरीशी बोलून तिला आत घेतलं. खाली बसून काढ, ऊन पाठीशी ठेव, चेंडूच्या मागे लागू नकोस, चेहरे बघ, जर्सीचे नंबर लगेच लिहून ठेव, असं काही ना काही ते दर रविवारी सांगत. फोटो दोघंही काढत. छापून यायचा तो मास्तरांचा.

मास्तर भिंतीआड गेले, आणि दोन मिनिटंही झाली नसतील, तोच पाहुण्या संघाचा एक खेळाडू गोलसमोर आडवा झाला. रेफरीने पांढऱ्या ठिपक्याकडे बोट दाखवलं.

पेनल्टी. यजमान संघाने रेफरीला घेरलं, हुज्जत सुरू झाली. प्रेक्षक तर पहिल्या मिनिटापासून कशावरही ओरडत होते, त्या ओरडण्यावरून भिंतीपलीकडच्या माणसाला काही कळण्यासारखं नव्हतं. भिंत वीस पावलांवर होती. तिच्यावरून मास्तरांची टोपी दिसत होती. खाली जायची, पुन्हा वर यायची. डिकी उघडत नसावी. हाक मारायला भरपूर वेळ होता. इतका, की तिने लेन्स पुसली, शटरचा वेग तपासला, स्टूल हातभर पुढे ओढलं. मास्तर आले असते तर हे स्टूल सोडावं लागलं असतं. आणि गोलकीपर या बाजूला झेपावला, तर त्याचा चेहरा फक्त इथूनच मिळणार होता.

ती गप्प बसली.

गोलकीपर त्याच बाजूला झेपावला.

मास्तर धापा टाकत परत आले तेव्हा सगळा संघ गोलकीपरच्या अंगावर पडला होता. काय झालं, त्यांनी विचारलं. पेनल्टी होती, ती म्हणाली, अडवली त्याने. मास्तरांनी आधी मैदानाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हाक नाही मारलीस?"

"मारली ना. दोनदा मारली."

ते 'दोनदा' कुणी विचारलं नव्हतं. मास्तर भडकतील, खोटं बोलतेस म्हणतील, असं तिला वाटलं. तसं म्हणाले असते तर तिने कदाचित तिथल्या तिथे कबूलही केलं असतं. पण मास्तरांचा हात नुसता कानाकडे गेला. घरून वर्षभर मागे लागलेत, कान दाखवून या म्हणून, ते म्हणाले. मीच उडवून लावतो.

आवाजच खूप होता, ती घाईने म्हणाली.

"हो, पण दोनदा..." मास्तर म्हणाले.

मग त्यांनी तिचा कॅमेरा मागितला. छोट्या पडद्यावर गोलकीपर हवेत आडवा होता, चेंडूच्या जोराने त्याची बोटं मागे वळली होती, तोंड उघडं होतं, आणि मागे पेनल्टी मारणाऱ्याचा पाय अजून जमिनीला टेकला नव्हता. मास्तरांनी फोटो मोठा करून गोलकीपरचे डोळे बघितले. असा फोटो मला उभ्या आयुष्यात दोन-तीनदाच मिळालाय, ते म्हणाले. त्यांच्या आवाजात हेव्याचा लवलेशही नव्हता. थोडा असता तर तिला बरं वाटलं असतं.

तिथेच उभं राहून त्यांनी पेपरच्या क्रीडा विभागाला फोन लावला. माझा हुकला, ते सांगत होते, पण माझ्या शेजारच्या बाईंकडे आहे, आणि फार चांगला आहे. हाका मारल्या होत्या तिने, मलाच ऐकू आल्या नाहीत. फोटो तिच्या नावानिशी लावा. पुढच्या रविवारपासून तिलाही पास द्या, माझ्या कानांचा आता भरवसा नाही.

तिने मध्येच त्यांच्या बाहीला हात लावला. ती आभार मानतेय असं मास्तरांना वाटलं. बोलता बोलता त्यांनी तो हात थोपटला.

फोन ठेवल्यावर वही काढून त्यांनी तिचं पूर्ण नाव विचारलं. इतक्या रविवारांत ते विचारायचं राहूनच गेलं होतं. तिने सांगितलं. मास्तरांनी ते अचूक लिहिलं, आणि तरीही वही तिच्यापुढे धरून विचारलं, असंच म्हणालीस ना? असंच, ती म्हणाली.

ती स्टुलावरून उठू लागली तर त्यांनी बस म्हणून खूण केली, आणि गुडघ्यावर हात टेकत स्वतः गवतावर बसले. कॅमेऱ्यात नवी बॅटरी घातली. खेळ पुन्हा सुरू झाला होता. चेंडू मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि तिकडे रेफरीची शिट्टी वाजली, बारीक, पण स्पष्ट.

मास्तरांनी कॅमेरा डोळ्यापासून खाली घेतला आणि तिच्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "आत्ता शिट्टी झाली ना? की मलाच वाटली?"