तो 'च' काढ

शाल्मलीने बाबांचा चष्मा नाकावर चढवून घसा खाकरला. "मॅडम, रक्त तपासायच्या लॅबमधली नोकरी सोडून पंधरा वर्षं झाली. इतकी वर्षं काय केलंत?"

उद्या नोकरीची मुलाखत असलेली आई ओढणी चुरगाळत म्हणाली, "घरीच होते."

"नापास! आई, तो 'च' काढ. एवढ्याशा अक्षराने माझ्यासकट पंधरा वर्षं पाण्यात घातलीस!"

आई हसली, मग ताठ बसली. "घरी होते. मुलगी वाढवली. सासूबाईंना रोज इन्सुलिन टोचलं. एवढ्या कुरकुऱ्या, पण माझ्या सुईला कधी नावं ठेवली नाहीत."

शाल्मलीने मान डोलावली. खडूस प्रश्न अजून बाकी होता. "यंत्रं सगळी नवी आहेत. जमेल तुम्हाला?"

आईने आपल्या हातांकडे पाहिलं. "जमेलच."

शाल्मलीने चष्मा काढला. "हा 'च' मात्र उद्या घेऊन जा!"