खिशातलं मलम

"काही होत नाही रे, दुखतसुद्धा नाही," साहेब हात झटकत म्हणाले. काचेवर नक्षी कोरायचं हायड्रोफ्लोरिक ॲसिड त्यांच्या बोटांवर उडालं होतं. हात जेमतेम ओला करून ते चहाला निघाले.

मी नुसता गप्प राहिलो असतो तरी पुरे होतं. हे ॲसिड आधी दुखत नाही. संध्याकाळपर्यंत हाड गाठतं. माझ्या भावाला, जयवंतला, साहेबच म्हणाले होते, "पाणी मार आणि कामाला लाग." त्याची तीन बोटं कापावी लागली. अपघाताच्या नोंदवहीत साहेबांनी लिहिलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा.'

तेव्हापासून या ॲसिडवरचं कॅल्शियमचं मलम मी खिशात बाळगतो. साहेब दारापर्यंत पोचले, तेव्हा कुठे माझ्या तोंडून हाक फुटली.

त्यांचा हात नळाखाली धरून ठेवला, मग हातमोजे घालून मलम चोळत राहिलो. हॉस्पिटलची गाडी आली तेव्हा साहेबांचे डोळे भरले होते. "तुझे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले, साहेब? ही बोटं मला शाबूतच हवी होती. जयवंतची नोंद आता याच बोटांनी खरी लिहायची."