पडदाभर हिरवं

पदवी मिळाल्यावर माणसानं वर्षभर जग बघावं, असं धनश्रीनं नेकनूरच्या माळावर वडलांना बजावलं. त्यावर मेंढीनं तिची ओढणी खायला घेतली. हिमाचलातल्या होमस्टेत सहा महिने काम मिळत होतं. होकार आजच कळवायचा होता. आप्पारावांनी तिच्या मोबाइलवर जाहिरातीतला डोंगर निरखला. चाळीस वर्षं मेंढरं नेतील तिकडं चाललेल्या या माणसाला कुठं जायचंय, हे कुणी विचारलं नव्हतं. "हे गवत खरं हाय का गं?" "खरंय, आप्पा." "रातच्याला मेंढरं कुणाच्या रानात बसवत्यात?" "सगळं मोकळंच हाय." त्यांनी दोन बोटांनी गवत मोठं केलं, पडदाभर हिरवं होईस्तोवर. "जा. तुज्या आईला मी सांगतो." तिनं होकार लिहायला घेतला, तेवढ्यात त्यांनी फेटा नीट केला. "त्यांना आणखी एक माणूस लागतंय का?" धनश्रीनं जाहिरात पुन्हा वाचली. अट पस्तिशीच्या आतली होती.