पाचवा रंग

सातपूरच्या कंपनीचा सेवादिन म्हणजे वस्तीतल्या शाळेची भिंत रंगवायची, वडापाव खायचा आणि फोटो काढून निघायचं. चार वर्षांत भिंतीला चार रंग लागले. मुलींच्या संडासाला दार काही लागलं नाही. मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जायच्या त्या परत यायच्याच नाहीत. यंदा मुख्याध्यापिका पुष्पलताबाईंनी रंगाचे डबेच कपाटात कोंडले. "बाई, चावी द्या. आमची पोरं टी-शर्ट घालून खोळंबलीत," कंपनीचे साहेब म्हणाले. "दार बसवतील का विचारा." "संडासाचा फोटो कोणता पेपर छापणार? मग पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघू हं." "खुशाल बघा. पाचवा रंग नकोच आम्हाला." बाई स्टुलावर चढल्या, भिंतीवरचा कंपनीच्या नावाचा बॅनर सोडला आणि संडासाच्या उघड्या चौकटीला घट्ट बांधला. "दार येईपर्यंत हाच पडदा. नाव वाचता येतंय ना, साहेब? आता काढा फोटो."