झेंड्याच्या काठ्या
सिद्धगडाखालच्या वाडीतला लखमा दर वर्षी पक्षाच्या मोर्चासाठी झेंड्यांच्या काठ्या तोडून द्यायचा. बासष्ट साली नव्या चिटणिसाने बजावले, “भरीव बांबू आण. मोडता कामा नये.” “दादा, एवढ्याशा फडक्याला? बायांना पेलायच्या नाय.” “बाया येणार नाहीत.” लखमाने साठ काठ्या मुरबाडच्या कचेरीत पोचवल्या. तिथेच भरलेल्या सभेत चिटणिसाने ठेकेदाराची लाकडाची वखार जाळण्याचा ठराव मांडला. तालुक्यात पक्ष उभा करणारे नाना उठले. “आत रखवालदाराची मुलं झोपतात. हा आपला पक्ष नव्हे.” “तुमचा नसेल, नाना. आमचा हाय,” एकजण ओरडला. हशा पिकला. नाना खाली बसले नाहीत. दाराला कडी लागली. पुढच्या रांगेने काठ्यांवरचे झेंडे सोडून घड्या घातल्या, कोपऱ्यात थांबलेल्या लखमाच्या हातांवर रचल्या. “धर रे, मळतील.” तो धरून उभा राहिला. नानांना उचलून नेले तेव्हा एकही काठी मोडली नव्हती.