एकांडा, भाग पाचवा

नटाचे पाय हलेनात. कमरेला दोर आवळलेला, तिन्ही कॅमेरे सुरू, समोर दुसऱ्या इमारतीची गच्ची आणि मध्ये सात मजल्यांची पोकळी. दिग्दर्शिकेचा इशारा देऊन झाला होता.

आधीच्या चार चित्रपटांत अशा उड्या त्याने बदली माणूस न घेता स्वतः मारल्या होत्या. 'एकांडा' नावाचा तो गुप्तहेर एकटा यायचा, एकटाच सगळ्यांना लोळवायचा आणि शर्टाची इस्त्रीही न मोडता निघून जायचा. चौथ्या भागाला मात्र खुर्च्या ओस पडल्या. हाही आपटला तर गाशा गुंडाळायचा, असं निर्मात्याने सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं.

नटाने खाली पाहिलं आणि तिथेच घात झाला.

"मला नाही जमणार," तो पुटपुटला.

हे वाक्य पटकथेत नव्हतं. शेजारी हॉटेलातल्या टेलिफोनवालीच्या वेशात एक नवखी नटी उभी होती. त्याने उडी मारायची आणि तिने मागे रडत उभं राहायचं, एवढंच तिचं काम. तिने क्षणभर त्याचा पांढराफटक चेहरा पाहिला, बाहीने नाक पुसलं आणि म्हणाली, "मग जिन्याने जाऊ. जिना आहे की."

दिग्दर्शिकेने 'कट' म्हटलं नाही. नटाने दोराची कडी सोडली आणि तिच्यामागे पळत सुटला. त्यांच्यामागे कॅमेरा खांद्यावर घेतलेला छायाचित्रकार. एक मजला उतरेपर्यंत नटाला धाप लागली. जिन्यात पुढच्या दृश्याची वाट पाहत पेंगत बसलेले गुंड आधी गोंधळले, मग सवयीने अंगावर धावून आले. नटीने पायातला बूट काढून एकाला असा हाणला की तो खराखुरा कळवळला.

निर्माता भडकला. जिने लोकांच्या घरी आहेत, ते तिकीट काढून कशाला बघतील, असा त्याचा सवाल होता. नट शरमेने अर्धा झाला. जेवणानंतर उडी मारतो, कशीही मारतो, म्हणाला.

"उडी उद्याही मिळेल," दिग्दर्शिका म्हणाली. "तुमचा तो चेहरा परत मिळायचा नाही."

शेवटी आधी लोकांना दाखवू आणि मग ठरवू, यावर तडजोड झाली.

चाचणीच्या खेळाला नट शेवटच्या रांगेत बसला. शेजारी आई. लेकाच्या प्रत्येक चित्रपटाच्या पहिल्या खेळाला ती नेमाने यायची आणि मारामारी सुरू झाली की बिनघोर घोरायची. तो तिला शेवटी हलवून उठवायचा, तीही छान होता म्हणायची.

पडद्यावर त्याने "मला नाही जमणार" म्हटलं आणि सभागृह चिडीचूप झालं. नट खुर्चीत खाली सरकला. वीस वर्षांची कमाई गेली, असंच त्याला वाटलं. मग जिना आला. लोक खदखदून हसले आणि त्यानंतर कोणी पाठ टेकून बसलंच नाही. निर्माता पडद्याकडे पाठ करून लोकांचे चेहरे पाहत राहिला.

तो प्रसंग राहिला. पुढचे तिन्ही भाग त्याच वळणाने गेले. गुप्तहेर चुकू लागला, धडपडू लागला, टेलिफोनवाली त्याच्या बरोबरीने पोस्टरवर आली आणि मालिकेचं नाव तेवढं 'एकांडा' राहिलं. समीक्षकांनी त्यावर रकानेच्या रकाने भरले.

पण नटाला कळायचं ते त्या दिवशीच कळलं. दिवे लागले तेव्हा आई टक्क जागी होती आणि तिने त्याचं मनगट गच्च धरलं होतं. आज झोप नाही का लागली, त्याने विचारलं.

"कशी लागेल?" ती म्हणाली. "आज पहिल्यांदाच वाटलं, तुला काहीतरी होईल."