आईची साक्ष

“हरवायची? इल्ला, इल्ला! पेनाचं टोपणसुद्धा कधी हरवलं नाही,” सरस्वतीबाईंनी डॉक्टरांना कन्नडात ठणकावून सांगितलं.

शेजारच्या खुर्चीत रूपश्रीने कपाळाला हात लावला. वय वर्षं एकेचाळीस, आणि आज तिचं सगळं आईच्या तोंडावर अवलंबून होतं. लक्ष एका जागी टिकू न देणाऱ्या एडीएचडीच्या तपासणीच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. आत्ताची सगळी लक्षणं जुळत होती, पण हे लहानपणापासूनच होतं असं ते लहानपण पाहिलेल्या कुणीतरी सांगायला हवं होतं. त्याशिवाय डॉ. कस्तुरी निदान लिहून देणार नव्हत्या. शाळेची प्रगतिपुस्तकं असती तरी चाललं असतं. ती रूपश्रीने केव्हाच हरवली होती.

म्हणून तिने आईला बनशंकरी भागातल्या या दवाखान्यात आणलं. जिने जन्मभर वेंधळी, आळशी, बेफिकीर म्हणून फैलावर घेतलं, तिच्याहून चांगली साक्षीदार कुठून मिळणार? पण घरात तोंडाचा पट्टा सोडणाऱ्या सरस्वतीबाई परक्यासमोर पोरीविषयी एक वाकडा शब्द काढतील तर शपथ. वर ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या, मुलगी दाखवायला आल्यासारख्या.

“गृहपाठ अर्धवट सोडायची का?” डॉक्टरांनी कन्नडात विचारलं.

“छे हो. हातात घेतलेलं काम पुरं केल्याशिवाय उठायची नाही.”

“वर्गात जागेवर बसायची?”

“समईसारखी.”

डॉक्टरांनी कागदावर आणखी एक फुली मारली. अशाच चार फुल्या पडल्या की कारभार आटोपला.

“आई, खरं सांग ना गं,” रूपश्री मराठीत म्हणाली.

डॉक्टरांसाठी ठेवलेलं हसू जराही न हलवता सरस्वतीबाईही मराठीवर आल्या. बाहेरच्यांना कळू नये ते मराठीत बोलायचं, हा त्यांच्या घराचा पिढीजात शिरस्ता. दुकानात गिऱ्हाईकासमोर, बसमध्ये शेजारणीसमोर, कुठेही. “गप बस की. तिसरीत एका पावसाळ्यात सात छत्र्या घालवल्यास, ते काय गावभर सांगू? आणि पाय हलवू नको, स्वल्प नीट बस.”

डॉक्टरांचं पेन चाललं.

रूपश्रीने मान वाकडी करून कागद उलटा वाचला. ‘तिसरी. छत्र्या सात.’ तिने झटकन वर पाहिलं. डॉ. कस्तुरींनी नजर खाली घातली, पण ओठांचा कोपरा काही त्यांना आवरला नाही.

आईला सांगावं का? एक क्षण रूपश्रीच्या मनात आलं. मग तिने आयुष्यात प्रथमच आईला जाणूनबुजून डिवचलं.

“छत्र्यांचं जाऊ दे. अभ्यास तर मी आपला आपण करायचे ना?”

“तू?” सरस्वतीबाईंचं हसू अजून डॉक्टरांकडे होतं, आवाज मात्र घरचा झाला. “वहीवर बोट ठेवून मी बसायचे म्हणून चार ओळी व्हायच्या. भाजी परतायला उठले की तू गच्चीवर. चौथीत अर्धा पेपर कोरा टाकून खिडकीतनं रोड रोलर बघत बसलीस!”

“पण शाळेत नाव चांगलं होतं माझं.”

“होतं ना! बाईंनी दाराजवळ बसवलं होतं, दर पाच मिनिटाला उठतेस म्हणून. अय्यो, दूध आणायला धाडलं तर दीड तासानं रिकामं भांडं घेऊन आलीस. भांडं आणलंस तेच नशीब. एकदा एकाच पायात बूट घालून बसमध्ये चढलीस, दुसरा हातात घेऊन मी बसमागे पळाले, सगळी गल्ली बघत होती!”

हीच वाक्यं. ऐकून ऐकून रूपश्रीचं लहानपण करपून गेलं होतं. आज मात्र एकेक वाक्य कागदावर उतरत होतं आणि तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बोल आई, आणखी बोल.

“बूट कितवीत असताना, सरस्वतीबाई?” डॉक्टरांनी विचारलं. स्वच्छ मराठीत.

सरस्वतीबाईंचं हसू जागच्या जागी गोठलं.

“मी निपाणीची,” डॉ. कस्तुरी म्हणाल्या. “आधीच सांगायला हवं होतं, चुकलं माझं. पण तुम्ही थांबेनात. आता मला शंका उरलेली नाही. हा एडीएचडीच आहे. लहानपणापासूनचा. हा आळस नव्हे आणि बेफिकिरीही नव्हे.”

रूपश्रीने डोळे मिटून घेतले. एकेचाळीस वर्षांत तिच्याविषयी इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. रडू आलं, हसूही आलं, आणि दोन्ही तिने येऊ दिलं.

सरस्वतीबाई पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. उठून जातात की काय, असं क्षणभर वाटलं. मग त्यांनी विचारलं. आवाज इतका खाली आलेला रूपश्रीने कधी ऐकला नव्हता.

“म्हणजे... मी वळण लावलं नाही, असं नव्हे?”

“मुळीच नव्हे. तुम्ही होतात म्हणून ती शाळा पुरी करू शकली.”

सरस्वतीबाईंनी नाक पुसलं. रूपश्रीच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा अजून हलतच होता, पण या वेळी त्यांनी तो दाबला नाही.

“अहवालात घालायला आणखी दोन-तीन प्रसंग मिळाले तर बरं,” डॉक्टर म्हणाल्या.

“दोन-तीन?” सरस्वतीबाईंनी खुर्ची टेबलाजवळ ओढली, आणि अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा मराठीत म्हणाल्या, “सरी, बरं. मग दुसरा कागद घ्या. हा पुरायचा नाही.”